दाराची चावी वेगळी

प्रियदर्शनीनं चावी उलटी धरली. दाते वर, पाठ खाली. उजव्या हातात पूजेचं ताट होतं, म्हणून डाव्या हातानंच तिनं ती कुलपात घातली, गुडघ्यानं दार हलकेच आत रेटलं, चावी केसभर मागं ओढली आणि सगळं जग फिरवतं त्याच्या उलट फिरवली. दार उघडलं. एवढंच झालं. नांदेडच्या श्रीनगरातल्या त्या गल्लीत सकाळ नुकती तापायला लागली होती, शेजारच्या विठाबाई चाकाखाली ठेवायची लिंबं पदरात घेऊन उभ्या होत्या, आणि वीरभद्र घामानं चिंब झाला होता, कारण तिच्याआधी तोच त्या कुलपाशी झटत होता. त्यानं चावी सरळ घालून पाहिली, दाबून पाहिली, फुंकून पाहिली, खोबरेल लावून पाहिलं. विठाबाई म्हणाल्यासुद्धा, की म्हातारी गाडी हाय, नव्या माणसाला लाजती. मग प्रियदर्शनी ताट घेऊन बाहेर आली, त्याच्या हातातून चाव्या घेतल्या, दोनातली लहान न बघता निवडली आणि दार उघडून चाव्या परत त्याच्या तळहातावर ठेवल्या. बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि नारळ आणायला आत गेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. झोपेत कूस बदलावी तसं तिनं ते केलं होतं. तिच्या हाताला ठाऊक होतं, आणि हाताला ठाऊक असल्याचं तिला ठाऊक नव्हतं. वीरभद्र तळहातावरची ती लहान चावी उलटीसुलटी करून बघत राहिला.

आदल्या रात्री ड्रायव्हर दारात लावून गेला ती गाडी त्यानंच लातूरहून मागवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मेव्हणा सोमेश लातूरहून फोनवर सहज बोलला होता, की आमच्या गल्लीतली बसलिंगप्पा काकांची जुनी फियाट विकायला निघाली आहे, काका गेले, मुलगा शिवलिंग बेंगलोरला असतो, त्याला ती नको आहे. दाजी, तुम्हाला जुन्याचा नाद, बघता का. वीरभद्रला नाद होता खरा. वजिराबादेत त्याचं ताडपत्री आणि दोरांचं ठोक दुकान, दिवसभर डांबराचा आणि काथ्याचा वास, आणि दुपारच्या वेळी मोबाईलवर जुन्या गाड्यांची चित्रं बघणं हा एकच शौक. पण ही गाडी घेताना शौकापेक्षा गोड असं काहीतरी मनात होतं. बायकोच्या माहेरच्या गल्लीतली गाडी. लिंबाच्या सावलीत जी ती लहानपणापासून बघत आली ती आपण आपल्या दारात आणून उभी करायची. त्यानं तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. घेताय तर घ्या, म्हणाली. मेथीची एक काडी जरा जास्त वेळ बोटांत धरून बसली होती का ती तेव्हा? तेव्हा त्यानं पाहिलं नव्हतं. आता मात्र ती काडी त्याला स्पष्ट दिसायला लागली, तिच्यावरची मातीसुद्धा.

गाडीतून जाणाऱ्या बाईला दाराची चावी लागत नाही. हे त्याला त्याच दुपारी दुकानात बसल्या बसल्या उमगलं. गाडी चालवणारा पुढं जातो, दार उघडतो, आतून हात लांबवून पलीकडची कडी काढतो, बाई बसते. शेजारपाजारच्या लेकीला गाडीचा रंग माहीत असेल, सीटचा वास माहीत असेल, हॉर्न माहीत असेल. कुलपाचा हट्ट कसा माहीत असेल? तो त्यालाच माहीत, जो एकटा गाडीपाशी येतो. जो आधी येतो. जो दार उघडून आत बसतो आणि वाट बघतो. आताच्या गाड्यांना एकच चावी. ती ज्याच्याकडे त्याची सगळी गाडी, दार, इंजिन, डिकी, सगळं. पण या फियाटच्या चाव्या दोन. दाराची लहान, इंजिनाची लांबट. एक दुसऱ्याला देऊन टाकता येते आणि तरी गाडी आपलीच राहते. मोंढ्याच्या बाजारात त्याच्या वडिलांची महांतेश शेठांशी भागीदारी होती तेव्हा गोदामाला दोन कुलुपं असत. एकाची चावी वडिलांच्या कमरेला, दुसऱ्याची महांतेश शेठांच्या. एकट्यानं गोदाम उघडायचं नाही, दोघं आले म्हणजे दोन्ही कुलुपं निघणार. ही मोंढ्याची जुनी रीत, आणि वीरभद्र त्याच रीतीत वाढलेला. दोन चाव्या म्हणजे दोन माणसं. दोन चाव्या म्हणजे भागीदारी. गिऱ्हाईक समोर उभं राहून हिरव्या ताडपत्रीचा भाव विचारत होतं आणि वीरभद्रच्या डोळ्यांपुढं लातूरची ती गल्ली होती. लहान चावी मुठीत धरलेली परकरातली पोर एका बाजूनं येत होती, लांबट चावी बोटाभोवती फिरवत एक पोरगा दुसऱ्या बाजूनं.

पोरगा म्हणजे शिवलिंग. त्याला तोंड नव्हतं आधी. लग्नात वाढप्यांत एक उंच मुलगा होता, एवढीच आठवण; जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होता. पण वीरभद्र जसजसा त्या मांडवात परत परत जायला लागला, तसतसा तो मुलगा उजळत गेला. त्याला मिशी फुटली. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या गेल्या. निघायच्या वेळी प्रियदर्शनीची ट्रंक त्यानंच उचलली होती, हो, त्यानंच, आणि ट्रंक टपावर चढवताना तो काहीतरी बोलला आणि रडता रडता ती हसली होती. हसली होती ना? तीस वर्षं वीरभद्र त्या हसण्याला माहेरच्या एखाद्या भावकीतल्या पोराची चेष्टा समजून विसरला होता. आता ते हसणं त्याच्या उशाशी येऊन बसलं. त्याला वाटायचं, आपला संसार म्हणजे आपण लांबट चावीनं चालवलेली गाडी. चालली. लई चांगली चालली. अक्षरा झाली, शिकली, पुण्याला गेली, घर झालं, दोघांचे केस पिकले. पण दार? दार आपल्याला कधी उघडलं का, की ते कुणीतरी आधीच उघडून ठेवलं होतं आणि आपण नुसते येऊन बसलो?

ती मात्र तशीच होती. सकाळी लिंगपूजा करायची, त्याचा डबा भरायची, अक्षराशी फोनवर बोलायची. बदल एकच. रोज सकाळी ती गाडी पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं. जुना मऊ पंचा ओला करून ती काचा पुसायची, दाराच्या कडा पुसायची, आणि पुसता पुसता गुणगुणायची. वरच्या खिडकीत दाढी करता करता तो कान देऊन ऐकायचा. सासूबाईंच्या ओव्यांची चाल होती ती, जात्यावरची, पण शब्द नव्हते. शब्द असते तर बरं झालं असतं. ओवीत भाऊ येतो, बाप येतो, सई येते, कुणीतरी येतंच. नाव घेतल्याशिवाय ओवी पुढं सरकत नाही. नुसती चाल म्हणजे नाव गिळलेली ओवी. एकदा त्यानं जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तो शिवलिंग आता काय करतो. ती म्हणाली की बेंगलोरला असतो, सगळं टक्कल पडलंय म्हणे, माहेरहून अव्वा सांगत होती. आणि हसली. वीरभद्रनं ते हसणं पानातल्या आमटीसारखं ढवळून पाहिलं. टक्कल पडलं हे हिला कशाला ठाऊक असायला हवं? आणि ठाऊक असलं तर त्यात हसण्यासारखं काय? ज्याचे केस एकेकाळी डोळे भरून पाहिलेले असतात, त्याच्याच टकलाला माणूस हसतं. मोडलेला तुकडा त्यानं तसाच पानात ठेवला. ती म्हणाली, आमटीला तिखट झालं का हो. त्यानं मान हलवली, हाव, जरा झालं.

मग त्यानं ते केलं. देगलूर नाक्याकडे एक कुलुपं दुरुस्त करणारा बसायचा, त्याच्याकडे तो एका दुपारी फियाट घेऊन गेला आणि म्हणाला, दोन्हीला एकच चावी कर. दाराची कुलुपं काढून टाक, दुसरा सेट बसव, एका चावीनं दार उघडलं पाहिजे आणि गाडी चालू झाली पाहिजे. तो माणूस म्हणाला, साहेब, चांगलं चालून राहिलंय की, कशाला काढता. वीरभद्र म्हणाला, दोन दोन वागवायचा कंटाळा येतो. जुनी कुलुपं निघाली तेव्हा त्यांच्या आत काळी घट्ट मेण झालेली धूळ होती, किती तरी उन्हाळ्यांची. तो माणूस म्हणाला, घेऊन जाता का ही. वीरभद्रनं ती हातात घेतलीसुद्धा नाहीत. भंगारात टाक, म्हणाला, आणि ती लहान चावीही त्यांच्यासोबत देऊन टाकली. परत येताना गोदावरीच्या पुलावर वारा लागला तेव्हा त्याला मोकळं वाटलं. दुखरा दात काढल्यावर वाटतं तसं. जीभ मात्र पुन्हा पुन्हा त्या खड्ड्याकडे जात राहिली.

सोमेशच्या नातीचं बारसं लातूरला होतं. प्रियदर्शनी म्हणाली, फियाट घेऊन जाऊ, अव्वाला दाखवू. त्या दिवशी सकाळी त्यानं तिला दाराला हात लावू दिला नाही. आधीच जाऊन उघडून ठेवलं, आणि लोह्याला चहाला थांबले तेव्हाही आपणच पुढं जाऊन उघडलं. ती म्हणाली, काय नवं लग्न झालंय का तुमचं. आणि पदर सावरून बसली. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, सोयाबीन काढलेली रानं उघडी पडली होती, हरभऱ्यासाठी कुठं कुठं पाळी घातलेली काळी जमीन ओली दिसत होती. ती खिडकीवर कोपर ठेवून बसली होती. लातूर जवळ यायला लागलं तसा तिचा चेहरा आतून दिवा लागल्यासारखा होत गेला, आणि वीरभद्रला वाटलं, हा दिवा आपण लावलेला नाही. माहेर जवळ आल्यावर सगळ्याच बायकांचा चेहरा असा होतो, हे त्याला कळत होतं. पण कळणं पुढच्या सीटवर बसलं होतं आणि जळणं स्टिअरिंग धरून होतं.

गंजगोलाईच्या मागच्या त्या गल्लीत फियाट शिरली आणि ती म्हणाली, लिंबाखाली लावा. जिथं गाडी पूर्वी उभी असायची तिथंच. तिची अव्वा, सासूबाई मल्लम्मा, ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता त्यांना दिसतं कमी, पण गाडीचा आवाज त्यांनी ओळखला. हात पुढं करून उठल्या. जावयाला हात जोडून शरणार्थ केला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि गाडीकडे मान वळवून म्हणाल्या, "आली का गं तुझी खोली परत?"

वीरभद्र जागीच उभा राहिला. खोली हा शब्द त्याच्या कानात उंदरासारखा शिरला. मग पाळणा झाला, मल्लम्मानंच गायलं, थरथरत्या पण चुकत नसलेल्या आवाजात, "नात आली गं घरात, जाई फुलली दारात, सोमेशाच्या अंगणात, उजेड मावेना", घुगऱ्या वाटल्या, बाळाच्या गळ्यात बांधलेली इष्टलिंगाची चांदीची इवलीशी डबी सगळ्यांनी वाकून पाहिली, आणि या सगळ्यात तो एकच शब्द चघळत राहिला. पुरुषांची पंगत उठल्यावर त्याला राहवेना. तो सासूबाईंपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, खोली म्हणजे काय म्हणालात तुम्ही. मल्लम्मा हसल्या. सांगायला लागल्या. सोमेश पानाला चुना लावत मधे मधे भर घालत होता, आणि प्रियदर्शनी दारात उभी राहून ऐकत होती, दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी.

घर तेव्हा माणसांनी गच्च होतं. तीन चुलते, त्यांच्या बायका, पोरं, येणारे जाणारे, देवणीहून बैल विकायला आलेले पाहुणे. पोरीची बारावी. वाचायला कोपरा नव्हता. माडीवर कापसाच्या गाद्या, माजघरात बाळंतीण, ओट्यावर पत्त्यांचा डाव. शेजारच्या बसलिंगप्पा काकांची फियाट तेव्हा बंद पडलेली, इंजिन उतरवून हैदराबादला पाठवलेलं, ते परत यायला किती तरी महिने लागले. एकदा काकांनी पोरीला जिन्याखाली कंदिलापाशी पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलं आणि आपल्या जुडग्यातली लहान चावी काढून दिली. गाडी बसली हाय, म्हणाले, तू बी बस. तेव्हापासून ती फियाटमधे जाऊन बसायची. मागच्या सीटवर, पाय वर घेऊन, काचा लावून. आम्ही गल्लीतून हाका मारायचो, सोमेश म्हणाला, हिला ऐकूच यायचं नाही. वीरभद्रनं विचारलं, आणि शिवलिंग? हे त्याच्या तोंडून इतक्या पटकन निघालं की त्याचं त्यालाच वाटलं, आता सगळ्यांना कळलं. मल्लम्मा म्हणाल्या, तो कुठला, तो तवा हैदराबादला हॉस्टेलात. परीक्षा झाली तरी ही बसतच राहिली, त्या म्हणाल्या. लग्न ठरेपर्यंत. काय करायची आत कुणाला ठाऊक.

"काही न्हाई करायचे," प्रियदर्शनी दारातून म्हणाली. "काहीच न्हाई."

आता सुटायला हवं होतं. छातीवरचं पोतं उतरायला हवं होतं. वीरभद्र तशी वाट बघत बसून राहिला, पण उतरलं काहीच नाही. मिशीचा, दुमडलेल्या बाह्यांचा तो पोरगा विरघळला, लांबट चावी बोटाभोवती फिरवणारा हात विरघळला, आणि त्या जागी उरली लिंबाखालची बंद गाडी, काचा लावलेल्या, आत एक पोर. काहीच न करणारी. बाहेर पत्त्यांचा डाव, बाळंतिणीचं रडणारं बाळ, हाका. आत ऊन काचेतून मऊ होऊन आलेलं, सीटचा रेक्झिनचा वास, स्वतःचा श्वास. असं काहीच न करणारी प्रियदर्शनी त्यानं कधी पाहिली नव्हती. तीस वर्षांत एकदाही नाही. त्याच्या घरात ती सतत काहीतरी करत असायची. बसली तरी निवडत असायची, झोपली तरी दुधाच्या गाडीचा कानोसा घेत असायची. स्वतः त्याला दुकानात मागं ताडपत्रीच्या गुंडाळ्यांमधे एक जागा होती, दुपारी तो तिथं पडायचा, आणि नोकरांना ठाऊक होतं की तेव्हा हाक मारायची नाही. तिला अशी जागा कुठं होती? त्यानं मनातल्या मनात आपलं सगळं घर फिरून पाहिलं, खोली खोली, गच्ची, जिना. सापडली नाही. आणि तरी जळणं थांबेना. माणूस असता तर माणसाशी जळता आलं असतं, त्याचं टक्कल मनाशी धरून हसता आलं असतं. या रिकाम्या गाडीशी कसं जळायचं? त्या पोरीशी कसं जळायचं, जिला कुणीच नको होतं, आणि त्या नको असलेल्यांत आपणही होतो, अजून तोंडसुद्धा न पाहिलेले आपण?

ती त्याच्यापाशी आली. बायकांची पंगत व्हायला वेळ होता. तिच्या चेहऱ्यावर अगदी कोवळं, लाजरं काहीतरी होतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागताना होतं तसं. हात पुढं करून म्हणाली, "ती लहान चावी द्या जरा. घटकाभर बसून येते."

खिशात त्याची बोटं एकुलत्या एका चावीवर मिटली. नांदेडला विसरलो म्हणता आलं असतं. ते वाक्य तयारही झालं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. पण तिचा तळहात समोर होता, मेहंदीचा ताजा डाग पडलेला, आणि त्या तळहातापुढं ते वाक्य मागं गेलं. त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली. ही न्हवं, ती लहान, ती म्हणाली. मग चावी उलटीपालटी करून पाहिली. तो म्हणाला की दोन्हीला आता एकच केली आहे, सोयीची पडते. कधी, तिनं विचारलं. मागच्या आठवड्यात. आणि जुनी कुलुपं? तो लिंबाखालच्या गाडीकडे बघायला लागला, आणि त्यातच तिला कळलं. आत कुणीतरी पाळण्याला झोका देत होतं, कडीचा एकसारखा आवाज येत होता. तिनं विचारलं, का. ओरडून नाही. भाव विचारावा तसं.

"मला वाटलं," वीरभद्र म्हणाला, "कुणीतरी होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग यायची तो वाट बघत होता, राग आला असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. पण ती नुसती बघत राहिली, खूप लांबच्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, नाव आठवतंय पण गाव आठवत नाही अशी.

"कुणीतरी होतं, हे सांगता येतं हो," ती म्हणाली. "कुणीच न्हवतं, हे कसं सांगावं माणसानं?"

आणि चावी त्याच्या हातावर परत ठेवून ती जेवायला आत गेली. पंगतीत ती बोलली, हसली, सोमेशच्या सुनेला बाळाच्या काजळाबद्दल काहीतरी सांगितलं. वीरभद्र ओट्यावर बसून लिंबाखालची गाडी बघत राहिला. ऊन सरकत सरकत बॉनेटवरून टपावर गेलं. सासूबाईंनी चहा दिला, तो निवला. त्याच्या मनात आलं, आपण जाऊन मागच्या सीटवर बसावं, काचा लावाव्यात, बघावं काय असतं आत. पण उठवेना. दुसऱ्याच्या देवघरात पाय धुतल्याशिवाय जायला माणूस बिचकतो, तसा तो बिचकला.

निघायची वेळ झाली. ओटी भरून झाली, मल्लम्मानं लेकीच्या कपाळाला विभूती लावली, सोमेशनं शेंगांची पिशवी डिकीत ठेवली. वीरभद्रनं पुढचं दार उघडून धरलं. प्रियदर्शनी क्षणभर त्या उघड्या दारापाशी थांबली, मग आत हात घालून मागच्या दाराची कडी काढली.

"मागं बसते मी," ती म्हणाली.

सोमेश हसून म्हणाला, दाजी, तुमाला डायवर केलं बघा आक्कानं. वीरभद्रही हसला. गाडी गल्लीतून बाहेर आली, गंजगोलाईला वळसा घालून नांदेडच्या रस्त्याला लागली. मागून काचा वर घेतल्याचा आवाज आला, आधी एक, मग दुसरी. चपला काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. चाकूर मागं पडलं तेव्हा सूर्य रस्त्याच्या डाव्या अंगाला टेकला होता आणि ज्वारीच्या कोवळ्या पातींवरून उजेड वाहत होता. ती झोपली असेल, जागी असेल, रडत असेल, काहीच करत नसेल. आरशात मागचा रस्ता दिसत होता, मागून येणारी एक एसटी, तिच्या मागं लालसर धूळ. आरसा एवढासा खाली केला की ती दिसली असती. वीरभद्रचा हात स्टिअरिंगवरून उठला, आरशाच्या कडेला लागला. बोटांना काच गार लागली. मग त्यानं हात खाली घेतला आणि गिअर बदलला, कारण पुढं चढ होता.